थरच्या वाळवंटात पक्षी बघायला गाडीने कसं जावं

आधी महिना पक्का करा: नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मध्य आशियातले पाहुणे पक्षी याच काळात थरमध्ये असतात. पहाटे कडाक्याची थंडी आणि दुपारी चटके देणारं ऊन, त्यामुळे कानटोपी आणि उन्हाची टोपी दोन्ही बॅगेत हव्यात.

जोधपूरपर्यंत रेल्वेने जा आणि तिथून गाडी भाड्याने घ्या, शक्यतो स्थानिक चालकासह. मुंबई-पुण्याहून गाडी हाकत गेलात तर दोन दिवस रस्त्यातच जातात. जोधपूर, खीचन, जैसलमेर, बिकानेर, ताल छापर या वाटेला सात दिवस तरी काढा.

पहिला मुक्काम खीचन. फलोदीला लागूनच असलेलं हे गाव जोधपूरहून सुमारे दीडशे किलोमीटरवर आहे. आदल्या संध्याकाळीच पोहोचा, कारण करकोच्यांचा खरा सोहळा सकाळी असतो. आपण ज्याला कांड्या करकोचा म्हणतो, ती इथली कुरजां. राजस्थानी लोकगीतांत परदेशी गेलेल्या नवऱ्याला निरोप नेणारी ती हीच. गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दाणे टाकून या पक्ष्यांना आपलंसं केलंय. त्यासाठी गावाच्या कडेला कुंपण घातलेलं चुग्गाघर आहे. थवे आधी बाहेरच्या वाळूवर उतरतात, माना उंचावून अंदाज घेतात. मग एक जण आत झेपावतो आणि त्याच्यामागे शेकडो. दुर्बिणीतून एकाच पक्ष्यावर थांबा: लालबुंद डोळा, त्यामागून मागे लोंबणारा पांढराशुभ्र तुरा, छातीवर रुळणारी काळी पिसं. दुपारी हेच पक्षी गावाच्या तळ्यावर भेटतात. 2025 मध्ये खीचनला रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेची आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला.

तिथून जैसलमेर. डेझर्ट नॅशनल पार्क 3,162 चौरस किलोमीटरचं आहे, पण सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवरच्या गर्दीत पक्षी शोधू नका. सुदासरीकडच्या गवताळ भागात जा, परवानगीची चौकशी जैसलमेरला वनखात्याकडे आदल्या दिवशीच करा आणि उजाडायच्या आत निघा. गाडी हीच तुमची लपण्याची जागा. इंजिन बंद करून, काच खाली करून आत बसून राहिलात तर चंडोल, रणगोजे आणि धाविक हे जमिनीवर वावरणारे छोटे पक्षी अगदी जवळ येतात; दार उघडून उतरलात की सगळे गायब. पाणवठा सापडला तर तासभर हलू नका. सकाळी पखुर्ड्या, म्हणजे कबुतराएवढे माळरानी पक्षी, थव्याने पाण्यावर येतात. विणीच्या दिवसांत नर पोटाची पिसं पाण्यात भिजवतो आणि त्यातलं पाणी दूरवरच्या पिल्लांना नेऊन पाजतो.

इथे माळढोक दिसला तर नशीब समजा. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर त्याला शोधून रिकाम्या हाती परतलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. निसर्गात आता दीडशेच्या आसपासच उरलेत. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने समोरच्या विजेच्या तारा त्याला वेळेवर दिसत नाहीत, आणि वजनदार शरीर ऐन वेळी वळवता येत नाही, मग तो तारांवर आदळतो. इतका दुर्मिळ पक्षी, म्हणून माझा आग्रह आहे: तो दिसला की गाडी जिथे असेल तिथेच थांबवा, फोटोसाठी रस्ता सोडू नका, ड्रोन तर नकोच. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. एका चाकाखाली ते जाऊ शकतं.

बिकानेरजवळच्या जोडबीडला मेलेली जनावरं टाकतात, त्यामुळे तिथे गिधाडं आणि गरुड भरपूर. नाकाला रुमाल लावा आणि पायी फिरू नका, भटकी कुत्री फार आहेत.

शेवटची संध्याकाळ ताल छापर या काळविटांच्या अभयारण्यासाठी राखून ठेवा. दिवसभर काळवीट बघा, पण सूर्य कलला की गवताच्या मैदानाकडे तोंड करून थांबा. दिवसभर आजूबाजूच्या शेतांवर शिकार करणारे भोवत्या पक्षी एकेक करून परततात. गवताला जवळजवळ पंख घासत दोन-तीन घिरट्या घालतात आणि अचानक पाय सोडून गवतात उतरतात. झाडावर नाही, जमिनीवरच रात्र काढतात. अंधार दाटेपर्यंत मोजत राहा. परतीच्या वाटेवर मात्र गाडी हळू चालवा, रस्त्यात उंट आणि गुरं बसलेली असतात.