मोबाईल घ्यायचा कधी? भाव उतरण्याचं वेळापत्रक आणि खऱ्या किमतीचा हिशेब

मोबाईलचा भाव रोज थोडाथोडा उतरत नाही. तो पायऱ्यांनी उतरतो आणि यातल्या बहुतेक पायऱ्या आधीपासून ठाऊक असतात. त्याच मालिकेतलं पुढचं मॉडेल आलं की एक पायरी, मोठा सेल लागला की दुसरी. या दोन्ही लागोपाठ आल्या, तर त्या फोनचा वर्षातला सर्वांत कमी भाव बहुधा तिथेच सापडतो.

आयफोन १६ चं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२४ मध्ये तो ७९,९०० रुपयांना आला. पुढच्या सप्टेंबरात १७ जाहीर झाला आणि १६ चा अधिकृत भाव ६९,९०० झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी फ्लिपकार्टच्या बिग बिलियन डेजमध्ये तोच फोन ५१,९९९ ला लागला. म्हणजे अधिकृत कपात दहा हजारांची, पण खरी मोठी घसरण सेलमध्ये. आयफोन घ्यायचा असेल तर ऑगस्ट हा थांबायचा महिना आहे.

सॅमसंगची एस मालिका जानेवारी-फेब्रुवारीत येते, म्हणजे प्रजासत्ताक दिनाच्या सेलच्या आगेमागे, आणि घडीचे फोन जुलै-ऑगस्टमध्ये. गूगलचा पिक्सेल पूर्वी ऑक्टोबरात यायचा, २०२४ पासून ऑगस्टमध्ये येतो. त्यामुळे आदल्या वर्षीचा पिक्सेल शोधायला नवरात्राचा सेल चांगला.

वर्षभरात चार-पाच मोठे सेल लागतात: जानेवारीच्या मध्यावर, जुलैत ॲमेझॉनचा प्राइम डे, १५ ऑगस्टच्या सुमारास, मग नवरात्र आणि दिवाळी. यात नवरात्राच्या सुमाराचा सेल सर्वांत मोठा. फक्त त्याची तारीख पंचांगाला धरून असतेच असं नाही. २०२३ मध्ये तो ८ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २७ सप्टेंबरला सुरू झाला, दोन्ही वेळा पितृपक्षात. २०२५ मध्ये मात्र घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, २३ सप्टेंबरला. पितृपक्षात खरेदी करायची नसेल तर दिवाळीच्या सेलची वाट पाहता येते, पण ज्या मॉडेलवर सर्वांत मोठी सूट असते त्याचा साठा तोवर टिकेल याची खात्री नाही. दसऱ्याच्या मुहूर्तावरच दुकानातून फोन घ्यायचा असेल, तर सेलमधला भाव लिहून न्या. दुकानदाराशी बोलायला तो आकडा उपयोगी पडतो.

हे सगळं महागड्या फोनांचं झालं. पंधरा हजारांच्या आतल्या फोनचं गणित निराळं आहे. तिथे कंपनीचा नफाच थोडा, त्यामुळे भाव उतरायला जागा कमी. या फोनांवर आणि मधल्या गटातल्या फोनांवरही पहिल्या विक्रीच्या दिवशी हजार-दोन हजारांची कार्डसूट असते. ती संपल्यावर पुढच्या मोठ्या सेलपर्यंत तेवढा कमी भाव सहसा दिसत नाही. शिवाय २०२५ च्या अखेरीपासून मेमरी चिपचे भाव चढले आहेत, कारण एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी त्याच कारखान्यांतून येते. अशा काळात स्वस्त फोनसाठी सहा महिने थांबलात तर उलट जास्त पैसे मोजावे लागू शकतात.

भाव खरा उतरला आहे का?

हवा तो फोन, हवी ती रॅम आणि स्टोरेज ठरवा आणि किमान महिनाभर आधीपासून भावावर नजर ठेवा. ॲमेझॉनवरच्या वस्तूंसाठी कीपा आणि फ्लिपकार्टसह इतर दुकानांसाठी बायहटके मागच्या भावांचा आलेख दाखवतात. आलेखात सेलच्या आधी काही दिवस भाव वर गेलेला दिसला, तर सूट त्या चढवलेल्या भावावरून मोजली जात आहे असं समजा. एमआरपीवरून मोजलेल्या टक्क्यांकडे बघूच नका, कारण एमआरपीला फोन सहसा कोणी विकत नाही. दुकानदार जिला ‘एमओपी’ म्हणतात ती बाजारातली चालू किंमत, तिच्याशी तुलना करा.

जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यात बऱ्याचदा कार्डाची सूट आणि जुना फोन बदल्यात दिल्यावर मिळणारा एक्स्चेंज बोनस दोन्ही धरलेले असतात आणि तो आकडा सर्वांत कमी स्टोरेजच्या मॉडेलचा असतो. म्हणून फोन कार्टमध्ये टाका, पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जा आणि तिथला आकडा लिहून घ्या. ‘१० टक्के सूट’ याच्या शेजारी बारीक अक्षरात कमाल मर्यादा असते. मर्यादा १,५०० रुपये असेल, तर ३०,००० च्या फोनवर ती दहा नव्हे, पाचच टक्के झाली. हाताळणी, पॅकिंग अशा नावांचे शुल्कही याच पानावर उगवतात.

‘नो कॉस्ट ईएमआय’, म्हणजे बिनव्याजी म्हणवले जाणारे हप्ते, फुकट नसतात. बँक व्याज लावतेच, विक्रेता तेवढी रक्कम किमतीतून आधी वजा करतो. समजा फोन २४,००० चा, सहा हप्ते ४,००० चे आणि व्याजदर वर्षाला १५ टक्के. यात व्याज साधारण १,०१६ रुपये होतं. ते विक्रेत्याने सोसलं तरी त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८३ रुपये, तुमच्या कार्डावर पडतो. प्रक्रिया शुल्क १९९ अधिक जीएसटी असेल तर आणखी २३५. असे एकूण ४१८ रुपये वरून जातात. पैसे हाताशी असतील तर एकरकमी भरणं बरं. मात्र काही सवलती फक्त ईएमआयवरच असतात आणि त्या दोन-तीन हजारांच्या असतील तर ४१८ रुपये देऊन ईएमआय घेणंच फायद्याचं.

जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकांनी धंद्यासाठी फोन घेताना बिलावर आपला जीएसटी नंबर टाकायला विसरू नये. ३०,००० च्या बिलात ४,५७६ रुपये कर असतो आणि नियमित नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम तुम्ही भरायच्या करातून वजा होते. उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणाऱ्या कंपोझिशन योजनेतल्यांना ते मिळत नाही. प्रत्येक विक्रेता असं बिल देत नाही, म्हणून ऑर्डर देण्याआधी तो पर्याय दिसतो का ते पाहा.

सेलच्या आदल्या दिवशी

चांगला भाव डोळ्यांसमोर असून हातचा जातो तो बहुधा पैसे भरताना. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचे ऑनलाइन व्यवहार चालू आहेत का आणि मर्यादा फोनच्या किमतीपेक्षा जास्त आहे का, हे पाहून ठेवा. नव्या कार्डावर ऑनलाइन व्यवहार बंदच असतात. कार्ड, पत्ता, पिनकोड खरेदीच्या ॲपमध्ये आधीच भरा. सशुल्क सदस्यांना सेल काही तास ते एक दिवस आधी उघडतो आणि मोजका साठा असलेले फोन तिथेच संपू शकतात. एका कार्डावर सूट सहसा एकदाच मिळते, त्यामुळे ते कार्ड त्या दिवशी इअरफोनवर खर्चू नका.

जुना फोन बदल्यात द्यायचा असेल तर एक अडचण लक्षात ठेवा: नवा फोन हातात पडताना जुना तिथल्या तिथे द्यावा लागतो. दोन्ही फोन शेजारी ठेवून डेटा हलवायला वेळ मिळत नाही. व्हॉट्सॲपचा बॅकअप, फोटो, ओटीपी देणारी ॲप्स हे सगळं आदल्या रात्री उरकून गूगल किंवा ॲपलच्या खात्यातून बाहेर पडा. आयफोनवर ‘फाइंड माय’ ही हरवलेला फोन शोधायची सोय चालू राहिली तर तो स्वीकारतच नाहीत. ॲपमध्ये दाखवलेली रक्कम धडधाकट फोनची असते. दारात येणारा माणूस काच, बटणं, कॅमेरा तपासतो आणि दोष दिसला तर रक्कम कमी करतो किंवा बदली नाकारतो. आधी ओळखीत किंवा दुकानात काय भाव येतो ते विचारा. एक्स्चेंज बोनस वगळला तर बाहेर अनेकदा जास्त मिळतात.

स्वस्तात मिळणारं जुनं मॉडेल घेताना सॉफ्टवेअर अपडेटची वर्षं मोजा. ती फोन बाजारात आल्यापासून धरतात, तुम्ही घेतल्यापासून नाही. चार वर्षांच्या अपडेटचा फोन दोन वर्षांनी २०,००० ला घेतला तर वर्षाला दहा हजार पडतात. नवा २८,००० ला घेतला तर सातच. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आयफोन मागवणाऱ्यांनी हेही पाहावं: १४ मालिकेपासून तिथल्या आयफोनला सिमकार्डाची जागाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच असलेलं डिजिटल सिम चालतं.

फोन हातात आल्यावर

शक्य असेल तर डिलिव्हरी देणाऱ्यासमोर खोका उघडा आणि उघडतानाचा सलग व्हिडिओ काढा. *#०६# दाबून आलेला आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळवा. केवायएम (KYM), एक मोकळी जागा आणि तो १५ अंकी क्रमांक इंग्रजीत टाइप करून १४४२२ वर एसएमएस करा, म्हणजे फोनची सरकारी नोंद कळेल. दुकानातून घेतलात तर कंपनीच्या साइटवर वॉरंटीची तारीखही पाहा. विक्रीचं उद्दिष्ट गाठायला काही ठिकाणी फोन आधीच चालू करून ठेवतात आणि मग वॉरंटीचे दिवस खोका बंद असतानाच सरू लागतात. ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक फोनांवर पैसे परत मिळत नाहीत, सात दिवसांत फक्त बदली मिळते. त्यामुळे कॅमेरा, स्पीकर, दोन्ही सिम, चार्जिंग हे सारं पहिल्या दोन दिवसांत तपासा.

ऑर्डर दिल्यावर, फोन घरी येण्याआधीच भाव आणखी उतरला, तर जुनी ऑर्डर घाईने रद्द करू नका. आधी नवी ऑर्डर शेवटच्या पानापर्यंत नेऊन पाहा. एकदा वापरलेली कार्डसूट पुन्हा लागू होईलच असं नाही आणि ईएमआयचं प्रक्रिया शुल्कही सहसा परत येत नाही. हे दोन्ही धरूनही फरक उरत असेल तर नवी ऑर्डर पक्की करा आणि मगच जुनी रद्द करा.