मळणीच्या दिवसांत धूर आणि धुळीपासून फुप्फुसं सांभाळा

काढणी उरकली की पुढच्या पेरणीची घाई लागते आणि शेतातलं काड पेटवून मोकळं व्हावंसं वाटतं. कृपा करून पेटवू नका. थंडीत रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. त्यामुळे धूर वर चढतच नाही. संध्याकाळी लावलेल्या आगीचा धूर पहाटेपर्यंत आपल्याच घरावर, गोठ्यावर साचून राहतो.

या धुरातले २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाकात अडत नाहीत. ते फुप्फुसांत खोल उतरतात, काही रक्तातही मिसळतात. म्हणून त्रास खोकल्यावर थांबत नाही. दमा बळावतो, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका वाढतो, पोटातल्या बाळाचं वजन कमी भरू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या कणांची मर्यादा घटवून दर घनमीटर हवेत वर्षाच्या सरासरीने ५ मायक्रोग्रॅमवर आणली.

काडाची कुट्टी करून ते रानातच पसरा. पेरणी तोंडावर असेल तर मातीत गाडू नका, आच्छादन म्हणून वरच राहू द्या. ताजं काड मातीत कुजताना जिवाणू नत्र ओढून घेतात आणि रोपं पिवळी पडतात. कुट्टीयंत्र एकट्याला परवडत नाही, हे खरं आहे. गटाने घ्या, आणि काढणीआधीच पाळ्या ठरवा. मल्चिंगचा प्लास्टिक कागद मात्र कधीच जाळू नका, त्याचा धूर फार विषारी असतो.

मळणी करताना वारा पाठीवर घ्या. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. नाकाशी घट्ट बसणारा एन-९५ मास्क वापरा.

बुरशी आलेला चारा हलवताना तर जास्तच जपा. त्या धुळीने काहींना चार ते आठ तासांनी थंडी वाजून ताप येतो, छाती भरते, धाप लागते. साधा फ्लू समजून हे अंगावर काढलं जातं आणि वारंवार झालं तर फुप्फुसं कायमची निकामी होऊ शकतात. डॉक्टरांकडे गेलात तर आदल्या दिवशी काय काम केलं, ते आवर्जून सांगा. पुढच्या वेळी चारा नीट वाळवूनच रचा, आणि बुरशीच्या गंजीजवळ लहान मुलांना, दम्याच्या माणसाला फिरकू देऊ नका.