दप्तर घ्यायच्या आधी कापसाचा काटा काढा

शाळा जूनच्या मध्याला उघडते. तेव्हा दप्तराचं काम पहिल्या आठवड्यातच उरकून घ्या. शेवटच्या रविवारी जळगावच्या फुले मार्केटात पाय ठेवायला जागा नसते, आणि त्या गर्दीत पोरं नुसतं वरचं चित्र बघून सॅक पसंत करतात.

दुकानात जायच्या आधी मात्र घरातच एक काम आहे. वेचणीचा कापूस मोजायचा हुकाचा काटा आपल्याकडे बऱ्याच घरांत असतो. तो काढा आणि गेल्या वर्षीचं दप्तर भरलेलं तसंच टांगा. आमच्या लेकीचं टांगलं तर साडेचार किलो भरलं. पोरगी तिसरीतली, जेमतेम 23 किलोची. ओट्यावरून आई म्हणाली, "माय वं, इतलं काय भरेल शे यामा?" मग सगळं सतरंजीवर ओतलं. भरून संपलेल्या दोन 200 पानी वह्या, दोन कंपास, जाड बुडाचा स्टीलचा डबा, आणि तळाशी गिरणेच्या वाळूतल्या मूठभर गारगोट्या!

हिशेब सोपा आहे: मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा दप्तर जड नको. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात इयत्तेप्रमाणे आकडे दिलेत. पहिली-दुसरीला 1.6 ते 2.2 किलो, तिसरी ते पाचवीला 1.7 ते 2.5, आणि दहावीलाही साडेचारच्या वर नाही. बालवाडीच्या पोराला तर दप्तरच नको. आमची लेक म्हणजे जवळपास दुप्पट ओझं वाहत होती, आणि आम्ही तिलाच "वाकून चालू नको" म्हणून रागवत होतो.

आता खरेदी. आधी रिकामी सॅक हातात घेऊन बघा. रिकामीच किलोभर भरत असेल तर ठेवून द्या, मग तिच्यावर कुणाचंही चित्र असो. पट्टे दोन हवेत, रुंद आणि आत गादी असलेले. पाठीला टेकणारी बाजूही मऊ हवी, नाहीतर कंपासाचा कोपरा मणक्याला टोचतो. पट्टा जिथे शिवलाय तिथे जोरात ओढून बघा, दुकानदार काय म्हणेल ते म्हणू दे. मूल सोबत न्याच. सॅक त्याच्या खांद्यांपेक्षा रुंद नको आणि कमरेखाली चार बोटांपेक्षा जास्त लोंबायला नको. "पुढच्या वर्षी पण चालेल" म्हणून मोठी घेतलेली सॅक पोरं भरूनच टाकतात. चाकांची सॅक जिना आणि काळ्या मातीचा चिखल बघून घ्या. आमच्या गल्लीत तरी ती चालणार नाही.

भरताना जड पुस्तकं पाठीला लागून, हलकं सामान बाहेरच्या कप्प्यात. रात्री वेळापत्रक बघूनच भरायचं, आणि ते पोरांनी भरायचं, आपण फक्त शेजारी बसायचं. डबा पातळ पत्र्याचा चालतो, फक्त झाकण घट्ट हवं. शेवभाजीचा रस्सा एकदा वह्यांत सांडला की वर्षभर वास जात नाही. पाण्यावर मात्र काटकसर नको. लिटरभर पाणी म्हणजे एक किलो, हे खरं. पण जूनमध्ये आपल्याकडचं ऊन ते ऊनच. शाळेत पिण्याचं पाणी चांगलं असेल तर अर्धा लिटरची बाटली द्या आणि मधल्या सुटीत भरून घ्यायला सांगा.

दोन्ही पट्टे खांद्यावर, आणि ओढून घट्ट. एकाच खांद्यावर लटकवायची फॅशन पाचवी-सहावीत सुरू होते, तेव्हा लक्ष ठेवा. लोंबणारी टोकं कापा किंवा बांधा. एसटीच्या दारात, गाडीच्या चाकात तीच अडकतात. मोटारसायकलवर मागे बसणाऱ्या पोराच्या पाठीवर दप्तर ठेवू नका, ते मागे ओढतं. पुढे टाकीवर किंवा स्कूटीच्या हुकाला अडकवा. रिक्षात ते बाहेर लटकत असेल तर रिक्षावाल्या दादांना सांगायला लाजू नका.

शाळा सुरू झाल्यावर आठवड्याने आंघोळीच्या वेळी खांदे बघा. लाल वळ दिसले, हाताला मुंग्या येतात म्हणाली, पाठ दुखते म्हणाली, तर आधी काटा काढा. वजन कमी करूनही दुखणं राहिलं तर डॉक्टरांकडे न्या.

आणि तळाशी एक मोठी प्लास्टिकची पिशवी घडी घालून ठेवा. पहिला पाऊस नेमका शाळा सुटतानाच येतो.