प्रॉपर्टी ग्रिडमध्ये मराठी लेबलं: या चुका टाळा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मासळीचे, आंब्याचे, काजूचे हिशेब ठेवणारे डेस्कटॉप प्रोग्रॅम माझ्याकडे दुरुस्तीला येतात. बहुतेक डॉट नेटमधले, सेटिंगसाठी विंडोज फॉर्म्सचं प्रॉपर्टी ग्रिड (डावीकडे लेबल, उजवीकडे किंमत असा तक्ता; त्यातली प्रत्येक ओळ म्हणजे एक प्रॉपर्टी) वापरणारे. लेबलं मराठीत दिसतात, म्हणजे काम झालं असं समजून लोक हात झटकतात, आणि चुका ठरावीकच असतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे पडद्यावरच्या लेबलाच्या नावानेच डेटा साठवणं. मिरकरवाडा बंदरावरच्या एका संस्थेत दर असेच साठवलेले होते: ‘बर्फाचा दर’, पुढे रक्कम. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत प्रोग्रॅमच्या पुरवठादाराच्या माणसाने ते लेबल ‘बर्फ दर (प्रति लादी)’ असं केलं. बिलंच निघत नव्हती, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही. ऑगस्टमध्ये नौका सुटल्या आणि बिलांतून बर्फाचे पैसे कापलेच जाईनात. प्रोग्रॅम नव्या लेबलाने फाइलीत दर शोधत होता आणि सापडला नाही की गुपचूप शून्य धरत होता. खर्च वजा करूनच खलाशांचे वाटे पडतात, त्यामुळे वाटे जास्त गेले. मग तांडेलांना, म्हणजे नौकांच्या प्रमुखांना, बोलावून घरखर्चात गेलेले पैसे परत मागावे लागले. एका लेबलापायी कष्टकऱ्यांवर ही वेळ यावी, याचा मला आजही राग येतो.

पुरवठादाराचा उपाय होता, ‘जुनं लेबल परत टाका’. असली मलमपट्टी मी करत नाही. साठवताना प्रॉपर्टीचं कोडमधलं नाव वापरा, म्हणजे प्रॉपर्टीडिस्क्रिप्टरचं (प्रॉपर्टीची माहिती देणाऱ्या वस्तूचं) ‘नेम’. ‘डिस्प्लेनेम’ फक्त डोळ्यांसाठी. जुन्या फाइली एकदाच वाचून नव्या नावांवर आणा. आणि दर सापडला नाही तर शून्य धरू नका, बिल थांबवा आणि तसं स्पष्ट सांगा.

दुसरी चूक घाईची. ग्रिडमधलं लेबल कोडमध्ये प्रॉपर्टीवर डिस्प्लेनेम नावाची खूण, म्हणजे अ‍ॅट्रिब्यूट, लावून देतात. डिस्प्लेनेम अ‍ॅट्रिब्यूटला रिसोर्समधला (भाषेनुसार वेगळ्या ठेवलेल्या फाइलीतला) मजकूर द्यायला गेलं की कंपायलर अडवतो, कारण तिथे कंपाइलच्या वेळी ठरलेलं मूल्यच चालतं. मग नवशिके मराठी मजकूर थेट कोडमध्ये कोंबतात, नाहीतर वेबच्या कोडमधून डिस्प्ले अ‍ॅट्रिब्यूट उचलून आणतात, ज्याच्याकडे हे ग्रिड बघतही नाही. कॉपी करण्याआधी दहा मिनिटं वाचलं असतं तर दिवस वाचला असता. मी डिस्प्लेनेमअ‍ॅट्रिब्यूटवरून स्वतःचा क्लास काढतो, कन्स्ट्रक्टरला (वस्तू तयार होताना चालणाऱ्या कोडला) फक्त रिसोर्सचं नाव देतो आणि मजकूर गेटरमध्ये, म्हणजे लेबल मागितलं जाईल त्या क्षणी, आणतो. मजकूर कन्स्ट्रक्टरमध्येच आणलात तर अ‍ॅट्रिब्यूट कॅशमध्ये (तयार साठ्यात) राहतं, आणि भाषा बदलली तरी जुनं लेबल हलत नाही.

रिसोर्सची भाषा डॉट नेटमधली करंटयूआयकल्चर ही सेटिंग ठरवते. करंटकल्चर तारखा-आकड्यांसाठी आहे. दोन्ही पहिला फॉर्म तयार होण्याआधी लावा.

इन्स्टॉलरमध्ये ‘एमआर’ फोल्डर, म्हणजे मराठी रिसोर्सचं, विसरलात तर एररही येत नाही, नुसती मूळ भाषेतली लेबलं दिसतात. तुमच्या मशीनवर सगळं चालतंच. तपासणी कोऱ्या मशीनवर करा.

काना-मात्रा कापल्या जात असतील तर ग्रिडला निर्मला यूआय फॉन्ट द्या. ओळीची उंची फॉन्टवरूनच ठरते.

लेबलाला ‘चा’, ‘ची’ चिकटवून वाक्यं बनवू नका. ‘बोट’ला ‘चा नंबर’ जोडला की ‘बोटचा नंबर’ होतो, आणि बंदरावर सगळे ‘बोटीचा’ म्हणतात. प्रत्येक वाक्य रिसोर्समध्ये अख्खं ठेवा, कितीही कंटाळवाणं वाटलं तरी.

ग्रिड लेबलांप्रमाणे अक्षरक्रम लावतं, म्हणून भाषा बदलली की रांगाही बदलतात. कारकुनाला जागा पाठ असतात, तेव्हा क्रम स्वतः ठरवून द्या.

इनस्क्रिप्ट कीबोर्डवरून कुणी ‘५’ टाकला तर अंक ओळखणारं आयएसडिजिट तो अंक मानतं, पण मजकुराचा आकडा करणारं इंट.पार्स नाकारतं. मी पार्स करण्याआधी देवनागरी अंक बदलून घेतो.