हौदात पाणी होतं, तरी घोडी तहानलेली होती

कडाक्याच्या थंडीत घोडे सांभाळायचं काम नव्याने हाती घेतलेले लोक पहिला प्रश्न विचारतात तो ब्लँकेटचा. किती ग्रॅमचं, एक की दोन, दिवसा काढायचं का? माझाही पहिल्या हिवाळ्यात हाच प्रश्न होता. आता मला कुणी हे विचारलं की मी उलट विचारते, लीद कशी पडतेय? समोरचा वैतागतो. वैतागू दे.

खरारा, खूर साफ करणं, चंदीच्या म्हणजे दाण्याच्या खुराकाच्या वेळा हे तुम्हाला येतं असं धरून चालते. ब्लँकेटचं तेवढं आधी उरकून टाकू. हिवाळी केस पुरते आलेला, पोटभर चारा मिळणारा, कोरडा आणि वाऱ्यापासून आडोशाला असलेला घोडा उणे ८-१० अंशांपर्यंत निवांत असतो. केस कापलेल्या घोड्याला मात्र ५ अंशांखालीच त्रास सुरू होतो. आणि केस पार मुळापर्यंत भिजले, की हा सगळा हिशोब कोलमडतो, मग १० अंशांतही घोडा कुडकुडतो. हिवाळी केस येतात ते दिवस लहान होऊ लागले म्हणून, त्यामुळे थंडी पडायच्या आधीच त्यांची तयारी झालेली असते. ते केस उभे राहून मधे हवा धरून ठेवतात. त्यावर पातळसं ब्लँकेट टाकलं की केस चपटे होतात आणि होती ती ऊबही जाते. पाठीवर बर्फ पडून न वितळता तसाच राहिला, तर बघणाऱ्याच्या पोटात कालवतं, पण ते चांगलं लक्षण आहे. आतली उष्णता बाहेर निसटत नाही, असा त्याचा अर्थ.

केस कापलेले, म्हातारे, हडकुळे, आजारी आणि गरम मुलखातून नुकतेच आलेले घोडे यांना ब्लँकेट हवंच. ते रोज काढायचं, हातमोजा काढून बरगड्यांवरून हात फिरवायचा, मग परत घालायचं. दाट केसांखाली घोडा वाळत चाललेला डोळ्यांना कळत नाही, हाताला कळतो. पायांना हात लावून मात्र थंडी मोजू नका. गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतात, पाय गारच लागणार. थरथर दिसली तर आडोसा आणि चारा द्या, आणि घोडा ओला असेल तर आधी कोरडा करा.

ऊब खरी येते ती चाऱ्यातून. मोठ्या आतड्यात गवत तासन्‌तास आंबत राहतं आणि त्यातून उष्णता निघते. चंदी बरीचशी लहान आतड्यातच पचते, तिची तेवढी ऊब नाही. म्हणून रात्र कडक असेल तर वाढवायचं ते गवत. ५०० किलोच्या घोड्याला एरवी ८ ते १० किलो सुकं गवत लागतं. त्याला सोसवते त्या मर्यादेखाली पारा गेला की दर अंशामागे साधारण दोन टक्के ऊर्जा जास्त लागते. थंडी पडली म्हणून एकदम चंदी दुप्पट करणारे लोक मी पाहिलेत, आणि खुरांना सूज येऊन पाय धरलेले त्यांचे घोडेही. शनिवारच्या रात्री ‘गरम वाटावं’ म्हणून कोंड्याचं आंबोण देणं हाही माझ्या मते माणसाच्या मनाचा दिलासा. आतड्यातल्या जिवाणूंना रोजचंच खाणं लागतं, आठवड्यातून एकदा मेजवानी नको.

हे सगळं मी पहिल्याच हिवाळ्यात पाठ केलं होतं. गवत वाढवलं, आडोसा केला, ब्लँकेटं वेळेवर काढली-घातली. आणि तरी चिमणीला पोटशूळ झाला.

चिमणी म्हणजे आमच्याकडची दोनशे किलोची पोनी घोडी. सुरुवातीला मी हौदावरचा बर्फ सकाळी फोडायचे आणि काम झालं समजायचे. दोन तासांत परत पापुद्रा. मग हौदात टाकायचा विजेचा हीटर आणला. दुसऱ्या दिवशी पाण्यावर हलकी वाफ दिसली तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता! त्यानंतर चिमणी हौदाशी यायची, मिशा पाण्याला लावायची, झटका दिल्यासारखं डोकं मागे घ्यायची आणि निघून जायची. मला वाटलं नखरे आहेत, पाण्याला नवा वास लागत असेल, होईल सवय. मी स्वतः हात घालून पाहिला होता, पाणी छान कोमट होतं. तिच्या लिदीचे गोळे लहान, कोरडे आणि चकचकीत पडायला लागले होते, तेही मी पाहिलं होतं. रोज फावड्याने मीच तर उचलत होते! पण लीद म्हणजे उचलून टाकायची वस्तू, वाचायची नव्हे, एवढीच तेव्हाची अक्कल.

चौथ्या रात्री ती कुशीकडे वळून वळून बघत होती, पुढच्या पायाने जमीन उकरत होती, चाऱ्याला तोंड नाही. डॉक्टरांनी आतून तपासून सांगितलं, मोठ्या आतड्याच्या वळणावर गच्च तुंबलंय. आतडं तिथे वळतं आणि लगेच अरुंद होतं, म्हणून कोरडा चारा नेमका तिथेच अडकतो. नाकातून नळी घालून पाणी दिलं, दुखणं थांबवणारं इंजेक्शन दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी लीद पडली तेव्हा मी तिथेच बसून रडले.

हीटरच्या वायरीचं आवरण तडकलं होतं आणि अर्थिंग सुटलं होतं, हे नंतर कळलं. मीटरवर पाणी आणि जमीन यांच्यामध्ये थोडेच व्होल्ट होते. मला का लागलं नाही? माझ्या पायात रबरी बूट होते! चिमणी उभी ओल्या जमिनीवर, आणि पाण्याला लावते ते ओले ओठ. माणसाला जाणवणारही नाही एवढा करंट घोड्याला तोंड मागे घ्यायला लावतो.

म्हणून हे जरा लांबवून सांगते. हीटर असलेल्या हौदात हात घालून ‘काही लागत नाही ना’ बघू नका. त्यातून कळत काही नाही, आणि विजेची गळती मोठी असेल तर जीव जाईल. प्लग काढा. वायर तोंडापासून टोकापर्यंत बघा, घोडा किंवा उंदीर पोहोचेल तिथे ती पाइपात हवी. अर्थिंग, आणि विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, हे दोन्ही विजेचं काम जाणणाऱ्याकडून तपासून घ्या, दर हिवाळ्याच्या तोंडावर. शिवाय हीटर नसलेली एक बादली बाजूला ठेवा. घोडा हौद सोडून सारखा त्याच बादलीकडे जात असेल, तर नखरे हा शब्द विसरा.

आपोआप भरणाऱ्या भांड्यांवर माझा राग आहे, तोही सांगून टाकते. सोय चांगली, पण घोडा किती प्यायला ते कळत नाही. सुक्या चाऱ्यावरच्या ५०० किलोच्या घोड्याला थंडीतही दिवसाला २५ ते ४० लिटर लागतं, चिमणीएवढ्या पोनीला १० ते १५. हिरव्या कुरणातलं गवत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, सुक्या गवतात जेमतेम दहा-पंधरा टक्के. म्हणजे नेमकं जास्त प्यायला हवं तेव्हाच गार पाणी समोर असतं आणि घोडा कमी पितो. ‘बर्फ खातात की ते’ असं कुणी सांगेल. ताज्या भुसभुशीत बर्फाच्या दहा बादल्या वितळल्या तर एक बादली पाणी होतं, आणि तो वितळवायला अंगातली ऊब जाते ती वेगळीच.

घाबरून जाऊ नका, उपाय साधा आहे, फक्त कष्टाचा. चारा टाकल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत घोडे सगळ्यात जास्त पाणी पितात. त्या वेळेला कोमट पाण्याची बादली नेऊन ठेवा, सकाळ-संध्याकाळ. बादलीवर आत खुणा करा आणि किती उरलं ते लिहा. चाटायचा मिठाचा खडा थंडीत पुरेसा चाटला जात नाही, म्हणून मोठ्या घोड्याच्या चंदीत रोज दोन मोठे चमचे मीठ मिसळा, अर्थात समोर पाणी असेल तरच. आणि लीद मोजा. दिवसात आठ ते बारा वेळा पडायला हवी, गोळा जमिनीवर आपटून फुटायला हवा.

हे मोजणं मला आमच्या पागेतल्या म्हाताऱ्या मोतद्दाराने, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्या काकांनी शिकवलं. त्यांनी चिमणीची लीद दुसऱ्याच दिवशी पाहिली होती. मी विचारलं, काका, मग बोलला का नाही? तर म्हणाले, “पोरी, तू मोबाइलात बघत होतीस.” खरं होतं. मी ब्लँकेटच्या चित्रफिती बघत होते. तरीही मला वाटतं त्यांनी बोलायला हवं होतं. जुन्या माणसांची ही खोड मला पटत नाही, चूक होऊ द्यायची आणि मग शिकवायचं. चूक माझी असली तरी पोट चिमणीचं होतं. तुम्हाला असा गुरू मिळाला तर रोज जाऊन विचारा, ते आपणहून सांगणार नाहीत.

बाकीचं थोडक्यात. ऊब राहावी म्हणून तबेल्याच्या खिडक्या बंद करू नका, मुताच्या वाफेने आणि धुळीने घोडे खोकू लागतात. आत शिरल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर घोड्यांचं काय होत असेल ते समजा. नाल मारलेल्या खुरांत बर्फाचे गोळे घट्ट बसतात, फेरीहून आल्या आल्या काढा. लगामाचं लोखंडी कडियाळं तोंडात घालण्याआधी हातात धरून गरम करा. घामाने ओला घोडा जाड ब्लँकेटखाली बांधू नका, आधी चालवून आणि पुसून कोरडा करा.

हीटर काढून टाकला, हौद घासला, जागा बदलली. बाकीचे घोडे त्यात पितात. चिमणी दोन हिवाळे झाले तरी त्या हौदाजवळून मान वळवून जाते, आणि मी तिची बादली वेगळी भरते.