ओंडका चिरण्याआधी झाड ओळखा

आडवं पडलेलं मोठं झाड दिसलं की नव्या माणसाचा हात चेनसॉकडे जातो. तो आधी पानांकडे जायला हवा. फांद्या छाटल्या, पालापाचोळा उचलला आणि नुसता ओंडका उरला, की जात ओळखण्याचा सगळ्यात सोपा पुरावा हातचा गेला. आणि जात कळली नाही तर स्लॅब (ओंडक्यातून चिरून काढलेली जाड फळी) किती जाड काढायचा, चिरायची घाई किती, वाळवताना किती जपायचं, यांतलं काहीच नीट ठरत नाही.

म्हणून पहिलं काम गोळा करण्याचं. एक पूर्ण डहाळी घ्या. पान संयुक्त (एका देठावर अनेक छोटी पानं) असेल तर सुटी पर्णिका, म्हणजे त्यातलं एकच छोटं पान, नको, देठासकट अख्खं पान हवं. फळ किंवा शेंग मिळाली तर सोनं. तळहाताएवढा सालीचा तुकडा आणि बुंध्याच्या कापलेल्या तोंडाचा पट्टी ठेवून काढलेला फोटो. साल कोयत्याने थोडी खरवडून काय पाझरतं ते पाहा. वड, पिंपळ, फणस यांचा पांढरा चीक लगेच दिसतो. बिबळ्याच्या सालीतून लालभडक डिंक येतो. बिब्बा किंवा काजू असण्याची शंका असेल तर उघड्या हाताने चीक तपासू नका, कातडीवर फोड येतात.

छेद वाचणं

पानं गेलेलीच असतील तर ओंडक्याचं तोंड वाचावं लागतं. गाभा आणि साल यांच्या साधारण मधोमध एक चौरस सेंटिमीटर जागा किंचित ओली करा आणि नव्या ब्लेडने पातळ तासा. घाईत पॉलिश पेपर मारू नका. भुसा छिद्रांत बसतो आणि जे पाहायचं तेच बुजतं. भिंग १० पटीचं पुरे. ते डोळ्याला टेकवायचं आणि लाकूड भिंगाकडे आणायचं.

आधी छिद्रांची मांडणी पाहा. ही छिद्रं म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्यांची तोंडं. प्रत्येक वाढवलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग आणि पुढे एकदम बारीक छिद्रं दिसली तर ते वलयछिद्री लाकूड: साग, तुती, ओक, अॅश. सगळीकडे सारख्या आकाराची विखुरलेली छिद्रं असतील तर विकीर्णछिद्री: आंबा, जांभूळ, मेपल, बीच. अक्रोड या दोन्हींच्या मधे बसतो. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मे पर्याय बाद होतात.

मग छिद्रांभोवतीची फिकट ऊती. बाभूळ आणि शिरीष यांच्यात ती छिद्राला वेढून असते, कधी दोन्ही बाजूंना पंखासारखी पसरते. वड-पिंपळाच्या कुळात तिचे रुंद पट्टे होतात आणि छेदावर फिकट-गडद अशा आडव्या रेघा दिसतात. हे भिंगाशिवायही ओळखू येतं. त्यानंतर गाभ्याकडून सालीकडे जाणारे किरण. ओकचे किरण नुसत्या डोळ्यांना दिसण्याइतके रुंद असतात. पांढऱ्या ओकच्या गाभ्यातली छिद्रं आतून फुग्यासारख्या वाढीने बुजलेली असतात, लाल ओकची बहुतेक उघडी. लाल ओकचा छोटा तुकडा पाण्यात धरून दुसऱ्या टोकाने फुंकलं तर बुडबुडे येतात. शिसव असेल तर सालीला समांतर कापलेल्या फळीवर अगदी बारीक, समांतर लहरी दिसतात. त्या तिरप्या उजेडातच दिसतात, समोरून दिवा धरलात तर हुकतील.

वास आणि स्पर्श ताज्या कापावरच तपासा. सागाला चामड्यासारखा वास असतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतं. बिबळ्याचा भुसा पाण्यात टाकला तर ते पाणी उन्हात निळसर चमकतं. टॅनिन (तुरट द्रव्य) भरपूर असलेल्या लाकडात (ओक, बाभूळ) ओल्या कापावर लोखंड घासलं की काळा-निळा डाग पडतो. रंगावर मात्र सगळ्यात कमी भरवसा ठेवा. तुतीचा गाभा चिरताना पिवळाधमक असतो आणि उजेडात राहून तपकिरी होतो. फोटोशी रंग जुळवून जात सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

भिंगाने बहुतेक वेळा वंशापर्यंत पोचता येतं, नेमकी प्रजाती प्रयोगशाळा सांगते. शिसवीच्या बाबतीत हा फरक महागात पडतो: शिसवीच्या डालबर्जिया वंशातल्या सगळ्या प्रजाती २०१७ पासून साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या) कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्यातली ब्राझीलची १९९२ पासूनच पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात. माल सीमेपार जाणार असेल तर अंदाजाने नाव लिहू नका. शंका मिटवायला इनसाइडवूड हा लाकडांच्या छेदांचा ऑनलाइन संग्रह मोफत आहे. आणि नाव पक्कं झालेल्या प्रत्येक लाकडाचा १५ बाय ८ सेंटिमीटरचा, नाव-तारीख घातलेला तुकडा ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. वर्षा-दोन वर्षांत ती पेटी कुठल्याही चित्रांच्या पुस्तकापेक्षा जास्त कामाची होते.

आता ओंडका

आंब्यासारखं फिकट लाकूड उबदार, दमट हवेत काही आठवड्यांत निळं-काळं पडतं आणि बाहेरच्या फिकट थरात भुंगा शिरतो. ते आधी चिरा. साग किंवा बाभळीचा गाभा वाट पाहू शकतो, फक्त टोकं लगेच बंद करायला हवीत. टोकांतून पाणी बाजूंपेक्षा कितीतरी वेगाने उडतं, तडे तिथूनच आत जातात. कापल्याच्या दिवशीच मेणाचं इमल्शन किंवा घट्ट लॅटेक्स रंगाचे दोन हात मारा. तडे पडल्यावर लावलेला रंग नुसती शोभा. लांबी मोजताना हव्या त्या मापापेक्षा दोन्ही टोकांना १० ते १५ सेंटिमीटर जास्त ठेवा.

घनफळ काढायची चालू पद्धत अशी: मधला घेर इंचांत घ्या, चाराने भागा, वर्ग करा, फुटांतल्या लांबीने गुणा आणि १४४ ने भागा. उत्तर घनफुटांत येतं, पण ते खऱ्या घनफळाच्या सुमारे ७८.५ टक्केच असतं. विकणारा आणि घेणारा एकाच पद्धतीने मोजताहेत ना, हे आधी विचारा.

मेटल डिटेक्टर फिरवल्याशिवाय करवत लावायची नाही. घराजवळच्या, कुंपणाच्या झाडांत खालच्या दोन मीटरमध्ये खिळे, तार, हूक हमखास सापडतात. टोकावर सालीकडून आत गेलेला काळा-निळा पट्टा दिसला तर धातू तिथेच आहे.

चेनसॉवर बसवायची मिल (स्लॅब सरळ चिरायची चौकट) घेऊन काम करणार असाल तर ७० सीसीच्या खालचं इंजिन नको. ७५ सेंटिमीटरपलीकडच्या रुंदीला ९० सीसी लागतं. बारच्या (साखळी जिच्यावर फिरते त्या पातीच्या) लांबीतून साधारण १५ सेंटिमीटर वजा करा, तेवढीच खरी रुंदी मिळते. साखळी उभ्या चिरण्याची हवी, १० अंशांच्या आसपास धार लावलेली. आडवं तोडण्याची ३० अंशांची साखळी चालते, पण पृष्ठभाग खरबरीत येतो आणि इंजिन दमतं. चेनसॉचा काप ८ ते ९ मिलिमीटर खातो, बँडसॉचा (पट्ट्याच्या करवतीचा) २ ते ३. आठ काप म्हणजे चेनसॉवर जवळजवळ ७ सेंटिमीटर लाकूड भुशात, म्हणजे एक अख्खा स्लॅब. महागड्या ओंडक्याला बँडसॉपर्यंत न्यायचा खर्च परवडतो तो यामुळे.

ओंडका जमिनीपासून फूटभर वर, किंचित उतारावर ठेवा म्हणजे सॉ स्वतःच्या वजनाने पुढे सरकतो. दोन्ही बाजूंना पाचरी मारून तो पक्का करा. पहिल्या कापासाठी वर सरळ शिडी किंवा रूळ बसवतात. तो पिळलेला नाही हे पाहायला दोन्ही टोकांवर एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून मागून नजर लावा; दोन्ही पट्ट्या एका रेषेत दिसेपर्यंत खाली चकत्या सरकवा. पहिला काप वाकडा गेला तर पुढचे सगळे स्लॅब तोच वाकडेपणा घेऊन निघतात. आणि रूळ बसवायचे स्क्रू कापाच्या खोलीपेक्षा आखूड असायला हवेत. नवी साखळी आपल्याच स्क्रूवर घालणं ही या धंद्यातली सगळ्यात सर्रास चूक आहे.

ओंडका निमुळता असेल तर गाभ्याचा मध्यबिंदू (वलयांच्या अगदी मधला ठिपका) दोन्ही टोकांना रुळापासून सारख्या अंतरावर आणा. हा मध्य ज्या स्लॅबमध्ये अडकतो तो फुटणारच, कारण वलयांच्या दिशेने लाकूड मध्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेपेक्षा साधारण दुप्पट आकसतं. एकतर बरोबर या मध्यातून काप घ्या, नाहीतर तो ८-१० सेंटिमीटरच्या एका तुकड्यात बंदिस्त करून खांब-पायांसाठी ठेवा. तयार ५० मिलिमीटर हवे असतील तर ओला स्लॅब ६५ चा काढा. रुंदी ७५ सेंटिमीटरच्या पुढे असेल तर ७५ चा. खूप आकसणाऱ्या जातीला यावर आणखी थोडं द्यावं लागतं.

काप सुरू असताना बारच्या मागे दर ५०-६० सेंटिमीटरला प्लास्टिकची पाचर सरकवत राहा, नाहीतर वरच्या स्लॅबच्या वजनाखाली बार अडकतो. लांबट तुकडे पडणं बंद होऊन पीठ पडू लागलं की धार गेली. जोर लावू नका, थांबून कानस मारा. काप एका बाजूला झुकत असेल तर त्या बाजूचे दात दुसऱ्या बाजूपेक्षा लांब-आखूड घासले गेलेत. बँडसॉवर लाटा पडल्या तर कारणं तीन: धार, ताण, किंवा ढकलण्याची घाई. प्रत्येक कापानंतर इंजिन अर्धा मिनिट मंद चालू देऊन मग बंद करा.

कानाला संरक्षण आणि नाकाला एफएफपी२ मास्क हवाच. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून मान्य आहे आणि शिसवीची धूळ अॅलर्जीही लावते. अडीच मीटर लांब, ८० सेंटिमीटर रुंद, ६५ मिलिमीटर जाड ओला स्लॅब १३० किलोच्या घरात जातो. उचलणारी माणसं आधी ठरवा. स्लॅब निघतील त्या क्रमाने खडूने आकडे घाला, जोडीचे स्लॅब नंतर शोधून सापडत नाहीत.

थप्पी

स्लॅब रचून वाळवायची जागा सावलीची, वाऱ्याची, जमिनीपासून फूटभर वर. थरांमध्ये २० ते २५ मिलिमीटरच्या कोरड्या पट्ट्या, दर ४०-५० सेंटिमीटरला, वरपासून खालपर्यंत एकाच ओळीत. ओल्या पट्ट्यांचे डाग लाकडात उतरतात. वर वजन ठेवा किंवा पट्टे आवळा आणि दर महिन्याला पुन्हा आवळा. वरून झाका, बाजू मोकळ्या.

लाकूड आकसायला लागतं ते ओलावा २८-३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर. त्यामुळे पहिले काही आठवडे सगळं छान दिसतं आणि मग तडे येतात. ओक किंवा बाभळीसारखं जड लाकूड कोरड्या वाऱ्यात ठेवलं तर वरचा थर आधी सुकून आतला भाग अडकतो. त्याला सुरुवातीला पोत्यांचा आडोसा द्या. आंब्याचं उलट, त्याला जितका वारा तितकं बरं. दर २५ मिलिमीटर जाडीला एक वर्ष हा ढोबळ हिशोब. उघड्यावर लाकूड १२ ते १५ टक्क्यांपर्यंत उतरतं, घरातल्या फर्निचरसाठी पुढे भट्टी लागते. भुंग्याचा संशय असेल तर स्लॅबच्या मध्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता अर्धा तास पोचायला हवी. वरवर बोरॅक्स मारून आतली अळी मरत नाही.

ओलावा मोजणाऱ्या टोचणीच्या मीटरचे आकडे बहुधा डग्लस फर या लाकडावर बेतलेले असतात. जातीप्रमाणे दुरुस्तीचा तक्ता सोबत येतो, तो वापरा. टोचण्या फक्त पृष्ठभागात घालून मिळालेला आकडा जाड स्लॅबला फसवा असतो. टोकापासून ३० सेंटिमीटर आत आडवी चकती कापून तिचं वजन करा, १०३ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा आणि घटलेल्या वजनाला सुक्या वजनाने भागून १०० ने गुणा. आतला-बाहेरचा फरक दोन टक्क्यांच्या आत आला की सपाट करायला घ्या. दोन्ही बाजूंनी सारखं तासा. एकाच बाजूचं लाकूड काढलं तर स्लॅब रातोरात बाक धरतो.