घरच्या घरी वस्तऱ्याला धार: खरे काम एक हजारच्या दगडावर

इंदूरच्या जुन्या मराठी घरांतील पेट्या-फडताळांत आजोबांचा किंवा पणजोबांचा, जर्मनीतल्या सोलिंगेनचा अथवा इंग्लंडमधल्या शेफील्डचा वस्तरा अजूनही अधूनमधून हाती लागतो. सलूनमध्ये आता दर गिऱ्हाइकामागे ब्लेड बदलण्याचा उस्तरा वापरतात आणि आरोग्याच्या दृष्टीने ते योग्यच आहे. परंतु त्यामुळे दगडावर वस्तरा लावून देणारा जाणकार माणूस मिळणे अवघड झाले आहे. चाक घेऊन गल्लीत येणाऱ्या धारवाल्याकडे वस्तरा चुकूनही देऊ नये. कोरड्या चाकावर कागदासारखी पातळ धार क्षणात तापते, पोलादाला दिलेले पाणी उतरते आणि मग त्या जागी धार टिकत नाही. हे काम घरी शिकता येते, मात्र त्यातला कोणता भाग अवघड आहे हे आधी नीट समजून घ्यावे लागते.

प्रथम वस्तरा पारखून घ्यावा. पात्याच्या अंगावरचा तांबूस गंज पुसून काढता येतो. धारेच्या अगदी काठावर गंजाने पाडलेले काळे खड्डे मात्र दगडाने जात नाहीत, कारण जितके पोलाद घासावे तितका खालचा खड्डा वर येतो. पात्याला तडा असेल तर तो वस्तरा शोभेसाठी ठेवावा, गालाला लावू नये.

चाकूला धार लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो, वस्तऱ्यात तो पात्यातच घडवलेला असतो. पाते दगडावर आडवे ठेवले की त्याची जाड पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात आणि कोन आपोआप ठरतो. समजा, पाठ साडेपाच मिलिमीटर जाड आहे आणि पाठीपासून धारेपर्यंतचे अंतर २० मिलिमीटर आहे, तर दोन्ही बाजू मिळून सुमारे १६ अंशांचा कोन होतो. म्हणून पाठ दगडावरून कधीही उचलायची नाही. पाठीवर सोनेरी नक्षी असेल किंवा ती झिजू नये असे वाटत असेल, तर विजेच्या कामाची चिकटपट्टी तिच्यावर एकेरी लावावी. कोनात त्याने एक अंशाचाही फरक पडत नाही. मात्र पट्टी झिजली की बदलावी आणि सुरुवात पट्टी लावून केली असेल तर शेवटच्या दगडापर्यंत ती तशीच ठेवावी.

दगड चार लागतात: १०००, ४००० किंवा ५०००, ८००० आणि १२००० ग्रिटचे. ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांच्या बारीकपणाचा आकडा; तो जितका मोठा तितका दगड बारीक. नॉर्टन कंपनीचा ४०००/८००० असा दुहेरी दगड आणि नानिवा कंपनीचा १२००० यांची जोडी बरेच जण वापरतात. बेल्जियमच्या आर्देन भागात निघणारा पिवळसर कोटिक्यूल हा नैसर्गिक दगडही वस्तऱ्यासाठी नावाजलेला आहे, पण नवशिक्याने त्याच्या मोहात पडू नये. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा करडा कार्बोरंडमचा दगड विळी-सुरीसाठी ठीक आहे, वस्तऱ्याला तो फार भरड पडतो. नवा दगडसुद्धा सपाट असेलच असे गृहीत धरू नये. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात, जाड काचेवर ४०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ओला करून पसरावा आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत दगड त्यावर घासावा. रेघ मधोमध शिल्लक राहिली, तर दगड तिथे खोलगट आहे असे समजावे.

आता एक हजारच्या दगडाकडे यावे. नवशिका बहुधा सगळी उमेद आणि पैसा बारा हजारच्या दगडावर खर्च करतो आणि दाढी ओढली गेली की त्यालाच दोष देतो. वास्तविक धार तयार होते ती इथे. पुढचे दगड तिला फक्त गुळगुळीत करतात. पात्याच्या दोन्ही बाजूंचे उतार एका रेषेत, मुठीपासून टोकापर्यंत, एकमेकांना भिडले पाहिजेत. हे जोवर झालेले नाही, तोवर पुढे जाण्यात अर्थ नाही.

सच्छिद्र दगड असेल तर तो दहा-पंधरा मिनिटे पाण्यात भिजवावा. धारेच्या दोन्ही बाजूंना काळ्या मार्करने रेघ ओढावी, पाते आडवे टेकवून धार पुढे ठेवून एकदा हलकेच सरकवावे आणि भिंगाखाली पाहावे. शाई जिथे उरली तिथे दगड पोहोचलेला नाही. पाते बहुधा दगडाच्या रुंदीपेक्षा लांब असते. म्हणून पुढे ढकलता ढकलताच ते बाजूलाही ओढावे, म्हणजे मुठीजवळून सुरू झालेला स्पर्श टोकाशी संपतो. दगडाच्या शेवटी पाते पाठीवरून उलटवून दुसऱ्या बाजूने परत आणावे. हाताचा दाब पात्याच्या वजनाहून किंचित जास्त, एवढाच असावा. दाब वाढला की पातळ पाते वाकते, धार दगडावरून उचलली जाते आणि सगळी झीज मागच्या भागात होते. पाण्याकडे लक्ष ठेवले तर ते बरेच सांगते: धार नीट टेकलेली असली की तिच्यापुढे पाण्याची एक बारीक लाट सलग सरकत राहते, आणि जिथे ती तुटते तिथे धार दगडाला लागत नाही.

किती वेळा फिरवायचे, याचा आकडा मी देणार नाही, कारण तो पात्याच्या स्थितीवर ठरतो. अंगठ्याचा ओला पोट धारेवर अगदी अलगद, आडवा, टेकवून पाहावा. कातडीला ती सगळीकडे सारखीच चिकटल्यासारखी वाटली पाहिजे. धारेच्या दिशेने बोट कधीही सरकवू नये. हातावरचे केस कातडीलगत, पात्याच्या संपूर्ण लांबीवर सहज कापले जात असतील तर हा टप्पा झाला. मुठीकडे कापते आणि टोकाकडे नाही, असे झाल्यास पुन्हा मार्कर घ्यावा.

पुढचा प्रवास लवकर होतो. चार-पाच हजारच्या दगडावर एक हजारचे ओरखडे भिंगातून दिसेनासे होईपर्यंत, मग आठ हजारवर वीस-एक फेऱ्या आणि बारा हजारवर दहा-पंधरा. दर दगडागणिक दाब कमी करत न्यावा आणि दगड बदलताना पाते व हात धुवावेत, नाहीतर भरड कण बारीक दगडावर जातात. शेवटच्या दगडावर अधिक फेऱ्या म्हणजे अधिक धार, हा समज खोटा आहे. फार घासले की काठावर पोलादाचा अतिशय पातळ पापुद्रा उभा राहतो. तो पहिल्या दाढीतच मोडतो आणि धार करवतीसारखी होते.

यानंतर चामड्याचा पट्टा. बाभळीच्या सालीने किंवा तत्सम वनस्पतींनी कमावलेले, दोन-तीन मिलिमीटर जाडीचे, पात्याइतके रुंद आणि गुळगुळीत चामडे यासाठी चांगले. इथे दिशा उलटी असते, हे पक्के लक्षात ठेवावे: पाठ पुढे आणि धार मागे. पट्टा ताणलेला असावा, कारण तो सैल राहिला तर धार गोलसर होते. वळवताना पाते पाठीवरच उलटवावे; घाईत धारेवरून वळवले तर पट्टा कापला जातो आणि धारही जाते. आधी सुती कापडाच्या पट्ट्यावर वीस-तीस आणि मग चामड्यावर पन्नास-साठ फेऱ्या पुरतात. दाढीआधी दर वेळी पट्टा फिरवला तर दगडाची गरज बरेच दिवस पडत नाही, आणि पडली तरी बहुधा बारा हजारच्या काही फेऱ्यांनी काम भागते. त्याने फरक पडला नाही तरच आठ हजारपर्यंत मागे यावे.

जुन्या वस्तऱ्यांचे पोलाद गंजणारे असते, आणि माळव्यातला पावसाळा त्याला मानवत नाही. दाढी झाल्यावर पाते धुऊन, मुलायम कापडाने पाठीकडून धारेकडे पुसून, मुठीच्या खाचेतले पाणीही टिपून घ्यावे. बोरिंगचे पाणी असेल तर पांढरे डाग राहू नयेत म्हणून पुसण्यात ढिलाई नको. आषाढ-श्रावणात पात्यावर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पसरवून ठेवावा, वस्तरा न्हाणीघरात ठेवू नये आणि मुलांच्या हाताला लागणार नाही अशा कोरड्या जागी बंद करून ठेवावा.